दळण आपले, चक्की कोणाची?

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे नागपुरातलीच, आणि योगायोगाने एकाच दुखण्याविषयीची आहेत: ओपन सोर्स, म्हणजे ज्याचा मूळ कोड सर्वांना खुला असतो अशा सॉफ्टवेअरची तयार, म्हणजे कोडवरून आधीच कंपाइल केलेली (संगणकाला थेट चालवता येईल अशी) फाइल कोणाकडून घ्यावी, आणि स्वतःला द्यायची झाल्यास ती कशी द्यावी. म्हणून संपूर्ण सदर त्यांनाच दिले आहे. पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न: आमच्या सार्वजनिक वाचनालयात वाचकांसाठी सहा संगणक आहेत. त्यांवर फायरफॉक्स घालण्याचे काम आम्ही बर्डीवरच्या एका दुकानदाराला दिले होते. त्याने पेनड्राइव्हवरची फाइल सहाही ठिकाणी चालवली. पंधरा दिवसांत सर्व संगणकांवर सुरुवातीचे पान बदललेले दिसू लागले आणि वर कुठलीतरी शोधपट्टी येऊन बसली. विचारल्यावर तो म्हणाला, “काका, हे ओपन सोर्स आहे, कोणीही बनवू शकतो, यात असली-नकली असे काही नसते.” हे खरे आहे काय? आता आम्ही काय करावे? — एका वाचनालयाचे कार्यवाह, महाल

उत्तर: कार्यवाह महोदय, दुकानदाराचे म्हणणे अर्धे खरे आहे, आणि म्हणूनच ते अधिक फसवे आहे. फायरफॉक्सचा सोर्स कोड मोझिला पब्लिक लायसन्सखाली सर्वांना खुला आहे. तो कोणीही वाचावा, बदलावा आणि त्यातून स्वतःचा ब्राउझर तयार करावा, याला पूर्ण मुभा आहे. परंतु आपल्या वाचनालयातील संगणक सोर्स कोड चालवत नाहीत. त्या कोडपासून कोणीतरी, कुठल्यातरी यंत्रावर, एखाद्या दिवशी तयार केलेली फाइल ते चालवतात. घरचा गहू आपण निवडून, पाखडून डब्यात भरला तरी पोळी होते ती चक्कीवरून आलेल्या पिठाचीच, आणि आपल्या आधी त्या चक्कीत कोणाची ज्वारी पडली होती हे नुसत्या पिठाकडे पाहून फारसे कळत नाही. कोड आणि फाइल यांच्या मध्येही असाच एक चक्कीवाला बसलेला असतो. अशा तयार फाइलला बिल्ड म्हणतात, आणि ‘अधिकृत बिल्ड’ म्हणजे हा चक्कीवाला कोण ते उघडपणे सांगितलेले असणे, आणि पिठात खडे निघाले तर कोणाच्या दारात जायचे ते ठाऊक असणे.

असली-नकली असे काही नसते, हे तर साफ चूक आहे. कोड खुला असला तरी ‘फायरफॉक्स’ हे नाव आणि ते बोधचिन्ह मोझिलाचे व्यापारचिन्ह आहे. बदललेली फाइल त्या नावाने परवानगीशिवाय वाटता येत नाही. याचे प्रसिद्ध उदाहरण डेबियन या लिनक्स वितरणाचे आहे. डेबियनची मंडळी फायरफॉक्समध्ये स्वतःच्या गरजेप्रमाणे दुरुस्त्या करीत असत. त्यावरून आणि बोधचिन्हाच्या परवान्यावरून २००६ मध्ये मोझिलाशी मतभेद झाले आणि डेबियनने तोच ब्राउझर ‘आइसवीझल’ या नावाने द्यायला सुरुवात केली. तब्बल दहा वर्षांनी, २०१६ मध्ये, समेट होऊन मूळ नाव परत आले. आइसवीझल वाईट होता असे मुळीच नाही. डेबियनची चक्की अत्यंत विश्वासाची मानली जाते. पण पिठाची जबाबदारी बदलली म्हणून डब्यावरचे नावही बदलले, आणि तेच प्रामाणिकपणाचे होते. आपल्या दुकानदाराच्या पेनड्राइव्हवर नाव मोझिलाचे होते आणि आतले पीठ कोणाचे होते ते त्यालाही ठाऊक नसावे.

त्याने ही फाइल मुद्दाम बिघडवली असेलच असे नाही. शोधयंत्रात नाव टाकल्यावर सर्वांत वर जाहिरात येते, त्याखाली डाउनलोडची दुकाने येतात, आणि तिथला इन्स्टॉलर अनेकदा मूळ इन्स्टॉलरभोवती गुंडाळलेला दुसराच असतो. घाईघाईने ‘पुढे, पुढे’ दाबत गेले की शोधपट्टी आपोआप येते. ही खोड केवळ लहान दुकानांची नाही. सोर्सफोर्ज हे एकेकाळी ओपन सोर्स जगाचे मोठे माहेरघर होते. त्यांनी २०१३ मध्ये इन्स्टॉलरसोबत जाहिरातींच्या वस्तू जोडण्याची योजना आणली. तिला कंटाळून चित्रसंपादनाच्या गिंप प्रकल्पाने तिथून आपले बिऱ्हाड हलवले, तर २०१५ मध्ये गिंपच्या विंडोज आवृत्तीचे तिथले सोडून दिलेले खाते सोर्सफोर्जनेच ताब्यात घेऊन त्यावरून असा गुंडाळलेला इन्स्टॉलर वाटल्याचे उघडकीस आले. पुढे मालक बदलले आणि २०१६ मध्ये ती योजना बंद झाली.

आता कामाचे. सहाही संगणकांवरून तो ब्राउझर आणि त्याच्यासोबत आलेले प्रत्येक अनोळखी सॉफ्टवेअर काढून टाकावे. मोझिलाच्या संकेतस्थळाचा पत्ता शोधयंत्रात न शोधता पत्तापट्टीत स्वतः टंकित करावा. तिथे सर्व भाषांच्या आणि सर्व प्रणालींच्या फायली एका पानावर मिळतात. मराठी निवडता येते. सहा संगणकांसाठी पूर्ण इन्स्टॉलर एकदाच उतरवावा, कारण नेहमीचा छोटा इन्स्टॉलर प्रत्येक वेळी उरलेला भाग इंटरनेटवरून ओढत बसतो. संगणकांपैकी एखादा अजून विंडोज ७ वर असेल, आणि वाचनालयांत असे असतातच, तर त्यासाठी २०२३ मध्ये निघालेली ११५ क्रमांकाची दीर्घ मुदतीची आवृत्ती ही शेवटची आहे. तिची मुदत मोझिलाने वाढवली खरी, पण तो आसरा तात्पुरताच समजावा.

फाइल उतरल्यावर तिच्यावर उजवे क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’ उघडावे आणि ‘डिजिटल सिग्नेचर्स’ या टॅबमध्ये सही करणाऱ्याचे नाव पाहावे. तिथे ‘मोझिला कॉर्पोरेशन’ असेल आणि तपशिलात सही वैध असल्याचे लिहिलेले असेल, तर फाइल मोझिलाच्या हातून निघाल्यापासून तिला कोणी हात लावलेला नाही. टॅबच नसेल, किंवा नाव भलत्याच कंपनीचे असेल, तर ती फाइल पुसून टाकावी. मी गेल्या आठवड्यात घरच्या लॅपटॉपमधील ‘न्यू फोल्डर २’ नावाच्या फोल्डरात साठलेले इन्स्टॉलर असेच एकेक करून पाहिले. नऊपैकी तिघांना सहीच नव्हती आणि त्यांतला एक कुठून आला होता ते मला आठवेना.

सही तपासण्याखेरीज हॅश, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून काढलेली ठशासारखी ओळ, जुळवण्याची पद्धतही आहे. विंडोजमध्ये ‘सर्टयुटिल’ हे साधन आधीपासूनच असते. त्याला फाइल आणि पद्धतीचे नाव दिले की तो एसएचए-२५६ पद्धतीची ६४ चिन्हांची ओळ काढून देतो, आणि ती ओळ प्रकल्पाने जाहीर केलेल्या ओळीशी तंतोतंत जुळली पाहिजे. मात्र ज्या पानावरून फाइल घेतली त्याच पानावरची ओळ जुळवली तर फक्त एवढेच कळते की वाटेत फाइल तुटली नाही. पानच कोणी ताब्यात घेतले असेल तर तो दोन्ही गोष्टी बदलू शकतो. मार्च २०१६ मध्ये ट्रान्समिशन या टोरेंट सॉफ्टवेअरच्या अधिकृत संकेतस्थळावरच मॅकची २.९० ही आवृत्ती बदलून तिच्यात खंडणीखोर प्रोग्रॅम घुसवला गेला होता. त्या फाइलला ॲपलने दिलेल्या प्रमाणपत्राची वैध सहीसुद्धा होती, पण प्रमाणपत्र दुसऱ्याच कोणाचे होते. म्हणून सही आहे की नाही एवढे पाहून थांबू नये, सही कोणाची आहे ते वाचावे.

प्रश्न: मी अभियांत्रिकीचा विद्यार्थी आहे. विंडोजवर अपाचे वेब सर्व्हर घालायचा होता, पण प्रकल्पाच्या स्वतःच्या संकेतस्थळावर विंडोजची तयार फाइल मिळाली नाही. भलत्याच संकेतस्थळांची नावे दिलेली आहेत. आमचे सर म्हणतात की नेहमी अधिकृतच घ्यावे. मग अधिकृत नसलेच तर? — विद्यार्थी, हिंगणा रोड

उत्तर: सरांचे म्हणणे योग्य आहे; अपाचेचा दृष्टिकोन मात्र निराळा आहे. अपाचे सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या धोरणानुसार संस्थेचे अधिकृत प्रकाशन म्हणजे सोर्स कोड. त्याच्यासोबत तयार फाइल दिली गेली तर ती लोकांच्या सोयीसाठी असते. सर्व्हरच्या प्रकल्पातील मंडळी विंडोजसाठी स्वतः बिल्ड देत नाहीत, आणि ‘अपाचे लाउंज’, ‘झॅम्प’ यांसारख्या बाहेरच्या वितरकांची यादी देतात. म्हणजे गहू त्यांचा, चक्क्यांचे पत्ते त्यांनी दिलेले, दळणाची हमी मात्र त्या त्या चक्कीची. तुम्ही त्या यादीतूनच एखादा वितरक निवडला, तर सरांच्या सांगण्याबाहेर गेलात असे होत नाही. शोधयंत्रात सापडलेल्या अकराव्या ठिकाणाहून घेतलेत, तर होते.

प्रकल्प असे का वागतात, यामागे आळस नसतो. प्रत्येक प्रणालीसाठी बिल्ड द्यायचा म्हणजे तिचे यंत्र, तिचा कंपायलर, तिच्यावरच्या चाचण्या आणि, सर्वांत जड म्हणजे, सोबत दिलेल्या प्रत्येक लायब्ररीची, म्हणजे इतरांनी लिहिलेल्या तयार कोडसंचाची, जबाबदारी. उद्या ओपनएसएसएल या सांकेतिक संवादाच्या लायब्ररीत सुरक्षेचे छिद्र सापडले की ज्याने ते आपल्या झिपमध्ये बांधून दिले त्याने त्याच आठवड्यात नवी झिप द्यायला हवी. एनजिनएक्स हा दुसरा वेब सर्व्हर विंडोजसाठी बिल्ड देतो, पण ती आवृत्ती बीटा समजावी असे स्पष्ट लिहून. पीएचपी ही वेबसाठीची प्रोग्रॅमिंग भाषा मात्र विंडोजसाठी नीट तयार फायली देते, आणि त्यातही धागा-सुरक्षित (थ्रेड-सेफ) व त्याविरहित असे दोन प्रकार असतात. अपाचेसोबत मॉड्यूल म्हणून चालवायची असेल तर पहिला घ्यावा, नाहीतर दोन दिवस उगाच डोके खाजवत बसाल. गूगल क्रोमचा खुला पाया असलेल्या क्रोमियमचे तर असे आहे की त्याचा प्रकल्प सामान्य वापरकर्त्यांसाठी स्थिर बिल्ड देतच नाही. जे रोजचे नमुने मिळतात ते चाचणीसाठी असतात आणि स्वतःहून अद्ययावत होत नाहीत. ‘अधिकृत क्रोमियम’ म्हणून कोणी फाइल देऊ लागला तर भुवया उंचावाव्यात.

आणि अधिकृत म्हणजे पूर्ण ओपन सोर्स, असाही समज करून घेऊ नये. वर्गात बहुतेक सर्वजण कोड लिहिण्यासाठी व्हीएस कोड हा संपादक वापरत असतील. त्याचा मूळ कोड एमआयटी परवान्याखाली खुला आहे, पण मायक्रोसॉफ्ट जी तयार फाइल देते तिच्यात मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या गोष्टी घातलेल्या असतात आणि तिचा परवाना वेगळा, बंदिस्त आहे. त्याच कोडपासून वापराची माहिती गोळा करणारा भाग बंद करून बांधलेली आवृत्ती ‘व्हीएसकोडियम’ नावाने मिळते. ती मायक्रोसॉफ्टची नाही आणि तिला मायक्रोसॉफ्टचे एक्स्टेंशन-दुकान वापरण्याची मुभा नाही. कोणती घ्यावी हा ज्याच्या त्याच्या आवडीचा प्रश्न आहे.

सोर्स तोच असून बांधणाऱ्यामुळे हक्क कसे बदलतात, याचे मला नेहमी गंमत वाटणारे उदाहरण व्हिडिओच्या एच-२६४ या पद्धतीचे आहे. तिच्यावर पेटंटे आहेत. सिस्कोने २०१३ मध्ये आपला ओपनएच-२६४ हा कोड खुला करण्याचे जाहीर केले आणि पेटंटचे शुल्क आपण भरू असे सांगितले, पण ते फक्त सिस्कोने स्वतः कंपाइल करून स्वतः वाटलेल्या फाइलपुरते. म्हणून फायरफॉक्स हा भाग स्वतः बांधून देत नाही. तो बसवल्यानंतर सिस्कोकडून वेगळा उतरवून घेतो. तुम्ही तोच कोड वसतिगृहात बसून अक्षरशः तसाच कंपाइल केला, तरी सिस्कोने भरलेले शुल्क तुमच्या फाइलला लागू होत नाही.

प्रश्न: आम्ही तिघा मित्रांनी गृहनिर्माण संस्थांच्या हिशेबासाठी एक वेब सॉफ्टवेअर लिहिले आणि जीपीएल या ओपन सोर्स परवान्याखाली खुले केले. अनेक खजिनदारांना ते डेस्कटॉपवर हवे असते, म्हणून इलेक्ट्रॉन (वेब सॉफ्टवेअरला डेस्कटॉपचे रूप देणारे साधन) वापरून विंडोज, मॅक आणि लिनक्सच्या फायली तयार केल्या. विंडोज निळा पडदा दाखवून अडवते, मॅकवर फाइल उघडतच नाही. एका खजिनदारांनी तर “यात व्हायरस आहे” असे संपूर्ण संकुलाच्या ग्रुपवर टाकले. आम्ही काय चुकलो? — प्रोग्रॅमर, मानेवाडा

उत्तर: कोडमध्ये चुकला नसाल, पण तुमच्या डब्यावर नाव नाही. तो निळा पडदा स्मार्टस्क्रीन या विंडोजमधल्या पहारेकऱ्याचा असतो आणि त्यात व्हायरस सापडल्याचे म्हटलेले नसते. ही फाइल फारशी कोणी चालवलेली नाही व तिच्यामागे कोण आहे ते माहीत नाही, एवढाच त्याचा अर्थ असतो. पण सत्तरीच्या खजिनदारकाकांनी हा भेद ओळखावा ही अपेक्षा बरोबर नाही. अनेक प्रकल्प माहितीपानावर ‘मोअर इन्फो दाबा, मग रन एनीवे दाबा’ असे लिहून मोकळे होतात. मला हे अजिबात पटत नाही. आज तुमच्यासाठी हा पडदा ओलांडायला शिकलेला माणूस उद्या त्याच सवयीने चोरासाठीही ओलांडेल.

विंडोजसाठी कोड-सहीचे प्रमाणपत्र घ्यावे लागते. ते दरवर्षी पैसे मागते, आणि १ जून २०२३ पासून त्याची खासगी किल्ली, म्हणजे सही करण्याचा गुप्त संकेत, प्रमाणित हार्डवेअरमध्येच ठेवण्याचा नियम झाल्यामुळे ते उपकरण (टोकन) सांभाळण्याचे काम वाढले आहे. प्रमाणपत्र घेतल्या दिवसापासून पडदा नाहीसा होईल असेही नाही. ओळख हळूहळू तयार होते. खर्च झेपणारा नसेल तर साइनपाथ फाउंडेशन ही संस्था ओपन सोर्स प्रकल्पांना विनामूल्य सही करून देते. सहीवर नाव त्या संस्थेचे येते आणि फाइल तुमच्या खुल्या कोडपासूनच स्वयंचलित पद्धतीने बांधली गेली आहे हे तिला पटवून द्यावे लागते. ही अट जाचक वाटेल, पण माझ्या मते तुमच्यासाठी सर्वांत उपयोगाची तीच आहे. दुसरा मार्ग मायक्रोसॉफ्ट स्टोअरचा. तिथे एमएसआयएक्स या विंडोजच्या साच्यातले पॅकेज दिले की सही मायक्रोसॉफ्ट करते.

मॅकची गोष्ट अधिक कडक आहे. स्टोअरबाहेर वाटल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरला ॲपलकडून तपासून शिक्का घेण्याची, म्हणजे नोटरायझेशनची, सक्ती २०१९ च्या कॅटालिना आवृत्तीपासून आली, आणि त्यासाठी वर्षाला ९९ डॉलरचे सदस्यत्व लागते. पूर्वी कंट्रोल दाबून क्लिक केले की अशी फाइल उघडता यायची. २०२४ च्या सिकोया आवृत्तीने ती पळवाटही बुजवली आणि आता सेटिंग्जमध्ये जाऊन परवानगी द्यावी लागते. तुमच्या खजिनदारांपैकी मॅकवाले किती आहेत ते आधी मोजा. दोन-तीनच असतील तर हा खर्च करू नये. त्यांना ब्राउझरमधून वापरायला सांगावे, सॉफ्टवेअर वेबचेच तर आहे. लिनक्ससाठी सहीचा जाच कमी, पण उबुंटू या लिनक्स वितरणाच्या नव्या आवृत्तीवर बांधलेली फाइल जुन्या उबुंटूवर ग्लिब्सी या मूलभूत लायब्ररीच्या आवृत्तीमुळे अडते, म्हणून जी सर्वांत जुनी प्रणाली सांभाळायची आहे तिच्यावर बांधावे किंवा फ्लॅटपॅकचा, म्हणजे लागणाऱ्या लायब्रऱ्यांची सोय सोबत करणाऱ्या पॅकेजचा, मार्ग घ्यावा.

आता एक प्रश्न मी तुम्हाला विचारतो: या फायली बांधल्या कोणाच्या लॅपटॉपवर? बहुधा तिघांपैकी एकाच्या. मीही एका जुन्या कामात हेच केले होते. इन्स्टॉलर माझ्या लॅपटॉपवर तयार केला, अकरा जणांना पाठवला, आणि चौथ्या दिवशी लक्षात आले की चाचणीच्या डेटाबेसचा पासवर्ड असलेली फाइल आतच राहिली होती. कोडच्या भांडारात ती नव्हती. माझ्या फोल्डरात होती, आणि बांधणाऱ्या साधनाने फोल्डर उचलला. तेव्हापासून बिल्ड कधीही माणसाच्या यंत्रावर करू नये या मताचा मी झालो आहे. भांडारात आवृत्तीचा टॅग, म्हणजे खूणचिठ्ठी, लावला की कोऱ्या यंत्रावर स्वयंचलित बिल्ड व्हावा, त्याची नोंद सर्वांना दिसावी, हॅश तिथेच छापला जावा. जीपीएलमुळे तुमच्यावर आणखी एक बंधन आहेच: जी फाइल दिली तिच्या नेमक्या आवृत्तीचा सोर्स मिळाला पाहिजे, आणि टॅगमुळे ते आपोआप साधते.

इलेक्ट्रॉनविषयी एक सावधगिरी. त्याच्या पोटात अख्खे क्रोमियम असते, म्हणजे तुम्ही हिशेबाच्या सॉफ्टवेअरसोबत एक ब्राउझरही वाटत आहात. इलेक्ट्रॉनची मोठी आवृत्ती दर आठ आठवड्यांनी निघते आणि आधार फक्त शेवटच्या तीन आवृत्त्यांना असतो. सहा-आठ महिने नवा बिल्ड दिला नाही, तर खजिनदारांच्या संगणकावर तुमच्या नावाने एक शिळा ब्राउझर पडून राहतो. एवढे सांभाळणे तिघांना जमणार नसेल तर टॉरी या तशाच दुसऱ्या साधनाचा विचार करावा. तो प्रणालीतलाच वेबव्ह्यू, म्हणजे पाने दाखवणारा ब्राउझरचा भाग, वापरतो, त्यामुळे फाइल लहान होते आणि विंडोज व मॅकवर त्या भागाची दुरुस्ती तुम्ही न देताच मायक्रोसॉफ्ट व ॲपलकडून येते. बदल्यात तीन प्रणालींवर तीन वेगळी इंजिने मिळतात आणि एखादा तक्ता एकीकडे सरळ तर दुसरीकडे वाकडा दिसतो.

प्रश्न: एवढी भानगड असेल तर प्रत्येकाने कोड घेऊन स्वतःच कंपाइल करणे सर्वांत सुरक्षित नव्हे काय? — निवृत्त अभियंता, धरमपेठ

उत्तर: तर्क चोख आहे, पण २०२४ च्या मार्चमध्ये त्याला मोठा तडा गेला. एक्सझेड या फायली आक्रसून लहान करणाऱ्या, लहानशा पण सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा सापडला. तो सुरू करणारी बांधणीची ओळ सर्वांना दिसणाऱ्या भांडारात नव्हतीच. ती होती प्रकाशनासाठी बांधलेल्या सोर्सच्या गाठोड्यात. म्हणजे शेतात दिसणारा गहू निराळा आणि पोत्यात आलेला निराळा. तो आणून स्वतःच्या जात्यावर दळायला घेतला असता तरी विष पोत्यातूनच घरात आले असते. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला ते सापडले ते लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त का लागतो, याचा त्याने पिच्छा पुरवल्यामुळे. आणि कंपायलरच कोणी बिघडवला असेल तर निर्दोष कोडमधूनही सदोष फाइल निघते, हे युनिक्स प्रणालीचे एक जनक केन थॉम्पसन यांनी १९८४ मध्येच दाखवून दिले होते.

याच्यावरचा खरा उपाय म्हणजे बिल्ड पुनरुत्पादनक्षम करणे. एकच कोड दोन वेगळ्या माणसांनी दोन वेगळ्या यंत्रांवर बांधला तरी फाइल बिट न् बिट सारखी यावी, अशी व्यवस्था करायची. मग एका चक्कीत भेसळ झाली तर दुसऱ्या चक्कीच्या पिठाशी ताडून ती पकडता येते. ऐकायला सोपे वाटते, पण फाइलमध्ये बांधणीची वेळ किंवा फोल्डरचे नाव एवढे जरी उमटले तरी हॅश बदलतो. ओळख लपवून वावरण्यासाठीच्या टॉर ब्राउझरने २०१३ पासून ही शिस्त पाळली आहे आणि डेबियननेही त्याच वर्षी हे काम हाती घेतले.

तरीही आपणास हौस असेल तर फायरफॉक्स अवश्य बांधून पाहावा. मोझिलाने कृती पायरीपायरीने लिहून ठेवली आहे. लिनक्सवर किमान ३० जीबी रिकामी जागा आणि ८ जीबी किंवा अधिक रॅम ठेवावी. लॅपटॉपचा पंखा बराच वेळ पूर्ण वेगाने फिरेल, तेव्हा हे काम मे महिन्याच्या दुपारी काढू नये. दिवाळीनंतर, रात्री कूलर लागत नाही अशा दिवसांत काढावे.